रुखवतातला उंदीर

भाचीच्या लग्नाच्या आदल्या रात्री आम्ही मुलीकडच्या सगळ्या बायका कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर एका लांबलचक खोलीत गाद्या टाकून झोपलो होतो. सीमांतपूजन लांबलं, मग पैठण्यांच्या घड्या, हरवलेल्या पिना, पंखा दोनवर की तीनवर यावरून थोडी कुरबुर, आणि दिवा मालवल्यावर एकेकीचं घोरणं सुरू झालं. सकाळी चहाची किटली आली तेव्हा वहिनीच्या माहेरच्या ताईमावशी गादीवर उठून बसल्या आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "इथे उंदीर आहे. रात्रभर कुरतडत होता मेला. डोळ्याला डोळा लागू दिला नाही." झालं! भिंतीला लागून रुखवताचं सामान ठेवलेलं. अनारशांचे डबे उघडले गेले, बेसनाचे लाडू मोजले गेले, कुणीतरी महिनोन्‌महिने खपून केलेलं क्रोशाचं तुळशीवृंदावन उलटंपालटं करून झालं. खालून मॅनेजर आले. पुण्यातले कार्यालयवाले जसे बोलतात तसंच बोलले, "आमच्याकडे उंदीर नाहीत. तुमच्या सामानातून आला असेल तर बघा." मी कोपऱ्यात चहा पीत होते. कुर्त्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या आणि कपात बघत राहिले.

तो उंदीर मी होते.

कोरड्या, जाड झालेल्या कातडीवरून नखं फिरली की असाच आवाज येतो. खर्र खर्र, मधे थोडं थांबून पुन्हा खर्र. इसब, म्हणजे एक्झिमा, असलेल्या माणसाच्या शेजारी जो झोपतो त्याला तो ओळखीचा असतो. माझा नवरा झोपेतच माझं मनगट धरतो, आणि सकाळी विचारलं तर त्याला आठवतही नाही. त्या रात्री मी हात मुद्दाम उशीखाली दाबून झोपले होते. नखं कापलेली. घरून नेलेली गडद छापाची चादर अंथरलेली, कारण पांढऱ्या चादरीवर सकाळी रक्ताचे बारीक ठिपके उमटतात आणि चारचौघींत ते लपवणं अवघड. एवढी तयारी करून झोपलं तरी झोपेत हात आपलं काम करतातच. शरमेचं मला आता काही वाटेनासं झालंय, पण दुसरीच एक रुखरुख दिवसभर लागून राहिली. ताईमावशींची एक रात्र बिघडली आणि त्यांनी ती सगळ्यांसमोर, अगदी मॅनेजरसमोरसुद्धा, हक्काने मांडली. माझी पन्नाशी उलटली. कळायला लागल्यापासून मी सलग झोपलेली नाही, हे वाक्य मी कुणापुढे एवढ्या खणखणीतपणे कधी म्हटलं नव्हतं. डॉक्टरांपुढेही नाही.

लहानपणी आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात माझ्या चट्ट्यांबद्दल प्रत्येकाला मत होतं. कोपराच्या खळगीत, गुडघ्यामागे, घोट्यांवर, आणि डिसेंबर लागला की मानेवर. माडीवरच्या काकू म्हणायच्या, रक्त अशुद्ध आहे. आजी म्हणायची, पोटात उष्णता आहे. मग वांगं बंद, दही बंद, लोणचं बंद, दाण्याचं कूट घातलेली उसळ बंद, आणि कडुनिंबाचा पाला उकळलेल्या पाण्याने आंघोळ. नरक चतुर्दशीला पहाटे उटणं लावायची वेळ आली की मी न्हाणीघराच्या दारातच रडायला लागायचे. ते खरखरीत सुगंधी उटणं उघड्या चट्ट्यावर लागलं की अशी आग व्हायची की पुढे फराळ काय आणि फटाके काय, कशातच मन लागायचं नाही. आईचा उपाय एकच, "खाजवू नकोस." रात्री ती माझ्या हातांत बाबांचे सुती मोजे चढवायची आणि मनगटाशी नाडीने बांधायची. मी ती नाडी दातांनी सोडवायचे.

आजीचं मात्र एक होतं. थंडीत टाचांच्या भेगांसाठी आमसुलाच्या तेलाचा गोळा घरात असायचाच, पिवळट पांढरा आणि टणक. त्याचा एक तुकडा ती लोखंडी पळीत घालून शेगडीवर धरायची. कडेने वितळायला लागला की पळी बाजूला घेऊन उरलेला तुकडा बोटाने फिरवत विरघळवायची, फुंकर घालून कोमट करायची, आणि आंघोळीनंतर अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत माझ्या चट्ट्यांवर पसरायची. चोळायची नाही, नुसतं पसरायची. वरून आपल्या जुन्या लुगड्याची ओलसर केलेली पट्टी, तिच्यावर एक कोरडी पट्टी. त्या रात्री मला झोप लागायची. आज त्वचेचे डॉक्टर ज्याला वेट रॅप म्हणतात ते जवळपास हेच: आत औषध किंवा मॉइश्चरायझर, वर ओलं सुती कापड, त्याच्यावर कोरडं. त्वचेच्या वरच्या थराची बांधणी पक्की ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या जनुकातला दोष आणि हे इसब यांचा संबंध 2006 साली उजेडात आला. ज्यांच्यात हा दोष असतो त्यांचं कुंपण मुळातच विरळ. आतली ओल निघून जाते आणि बाहेरचा साबण, धूळ, परागकण आत शिरतात. आजीची उष्णतेची उपपत्ती साफ चुकीची होती, वांग्यावर तर तिने उगीच आळ घेतला. हात मात्र बरोबर होते.

आता थोडं खाजवण्याच्या सुखाबद्दल.

सॅम्युएल हाफेनरेफर नावाच्या जर्मन वैद्याने 1660 साली खाजेची व्याख्या करून ठेवली आहे: खाजवायची इच्छा उत्पन्न करणारी नकोशी जाणीव. पुस्तकांत अजून तीच चालते. व्याख्या चोख आहे, पण पुढचं त्यात काही नाही. रात्री दीड-दोनला अर्धवट जाग येते. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या घोट्यावर आधीच फिरत असते. म्हणजे सुरुवात मी केलेली नसते, मी फक्त मधेच सामील होते. मग हात जातो. पहिले दोन-चार ओरखडे वरवरचे, त्यांनी खाज उलट पसरते, घोट्यावरून पोटरीकडे. मग नखं रुततात, आणि एक क्षण असा येतो की त्याच्याइतकं सुख जेवणात नाही, गाण्यात नाही, कशात नाही. त्यानंतर बोटांना ओल लागते. लस आहे की रक्त ते अंधारात कळत नाही. खाज जाते आणि तिच्या जागी आग येते. आग परवडते, आगीत झोप लागते, म्हणून शरीर हा सौदा रोज करतं. वेदनेने खाज तेवढ्यापुरती दबते हे खरंच, पण ती वेदना शमवायला मेंदू सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतो आणि तेच पाठीच्या कण्यातल्या खाजेच्या पेशींना आणखी चेतवतं, असं 2014 साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. (उंदरांवरच्याच. ताईमावशींना सांगायला हवं.) गीझरचं कढत पाणी चट्ट्यावर सोडायचं व्यसनही याच जातीचं. ते मला चाळिशीपर्यंत होतं. सोडताना सिगरेट सोडणाऱ्यांबद्दल आदर वाढला.

दिवसा असं होत नाही. दिवसा खाज असते, पण फोन असतात, रिक्षावाले असतात, ऑफिसात वर्षअखेरीचे हिशोब असतात. रात्री मन रिकामं होतं हे एक कारण, पण नुसतं तेवढंच नाही. संध्याकाळनंतर शरीर आतली उष्णता बाहेर टाकायला लागतं, त्वचेकडे रक्त वाढतं आणि कातडी गरम होते. त्वचेतून पाणीही रात्री जास्त उडून जातं. दाह आटोक्यात ठेवणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं. म्हणजे राखणदार रजेवर आणि दार उघडं. त्यात झोपेच्या सुरुवातीच्या हलक्या टप्प्यांत खाजवणं जास्त होतं आणि गाढ झोपेत सगळ्यात कमी. गाढ झोप लागली तर हात थांबतील, पण हात थांबल्याशिवाय ती लागणार कशी? मला पुष्कळांनी, त्यांत एका नामवंत डॉक्टरांनीही, "तुम्ही मनाला लावून घेता" असं ऐकवलेलं आहे. ताण वाढला की इसब वाढतं हे मान्य. पण रोज रात्री तुकड्यातुकड्यांत झोपणाऱ्या माणसाला ताण कशाचा येतो हे कुणी विचारत नाही.

विचारलं ते एका तरुण डॉक्टरीणबाईंनी. डेक्कनजवळ त्यांचा दवाखाना आहे. त्यांनी हात पाहिले, मान पाहिली, आणि मग पेन उघडून म्हणाल्या, "गेल्या तीन रात्रींचं सांगा. झोप न लागण्याला शून्य ते दहामध्ये किती मार्क द्याल?" मला पटकन काही सुचेना. मी म्हटलं, "सवय आहे मला." त्या म्हणाल्या, "सवयीचा रकाना नाहीये यात." स्कोरॅड नावाचं एक मोजमाप 1993 पासून चालू आहे. त्यात एकूण 103 गुण, चट्ट्यांचा पसारा आणि त्यांची तीव्रता यांना 83, आणि उरलेले 20 रुग्णाच्या तोंडून, दहा खाजेला आणि दहा झोपेला. डॉक्टरांना दिसतं त्याला 83 आणि आपण भोगतो त्याला 20, हे प्रमाण मला अजिबात पटलेलं नाही. पण वीस तरी आहेत.

मी मोठ्या समजुतीने सांगितलं की झोपेसाठी मी रात्री खाजेची गोळी घेते. जी गोळी आपल्याकडे पित्त उठल्यावर घेतात, सर्दीवर घेतात, तीच. जुन्या पिढीतली अँटिहिस्टामिनं, हायड्रॉक्सिझिन वगैरे. त्या म्हणाल्या, या गोळीने गुंगी येते, खाज जात नाही. अंगावर पित्ताच्या गांधी उठतात तेव्हा हिस्टामिन नावाचं रसायन मुख्य आरोपी असतं, तिथे ती छान चालते. इसबाच्या खाजेत मुख्य हात दुसऱ्यांचा, शरीरात दाहाचे निरोप पोचवणाऱ्या प्रथिनांचा: इंटरल्युकिन 4, 13, आणि 31. यातलं 31 तर 2004 साली सापडलं आणि थेट खाजेच्या नसांना जाऊन भिडतं. म्हणजे गोळी घेऊन मी झोपत होते आणि हात जागेच होते. वर गोळीची झोप निम्न प्रतीची, स्वप्नांचा टप्पा कमी करणारी. सकाळी डोकं असं जड की कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला मागच्याने हॉर्न वाजवल्याशिवाय गाडी हलायची नाही. फार वाईट दिवसांत थोडा काळ घ्यायला हरकत नाही, पण वर्षानुवर्षं नको, असं त्यांचं मत पडलं. मुलांच्या बाबतीत मेलाटोनिनवर, म्हणजे शरीराला झोपेची वेळ सांगणाऱ्या हार्मोनवर, तैवानमध्ये एक छोटा अभ्यास झाला होता. 48 मुलं, रोज 3 मिलिग्रॅम. 2016 साली तो छापून आला आणि मुलं सरासरी 21 मिनिटं लवकर झोपली. एकवीस मिनिटं ऐकून हसू येईल, पण ज्या घरात रात्री साडेअकराला मूल रडत असतं तिथे ती बरीच असतात.

मग खरं औषध काय, तर तेच जुनं ज्याला सगळे घाबरतात. स्टिरॉइडचं मलम. आपल्याकडे या मलमाबाबत माणसांच्या दोन टोकाच्या जाती आहेत. एक, नाव ऐकताच हात मागे घेणारे, आणि दुसरे, औषधाच्या दुकानातून "खाजेचं काहीतरी द्या" म्हणून स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेली ट्यूब घेऊन गजकर्णापासून काळ्या डागांपर्यंत सगळ्याला फासणारे. दुसऱ्यांच्या उद्योगामुळे 2018 साली सरकारला 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं फर्मान काढावं लागलं. ते किती पाळलं जातं हे कुठल्याही पेठेतल्या दुकानात पाच मिनिटं उभं राहून बघावं. मी पहिल्या जातीतली. आठवडाभराची ट्यूब वर्षभर पुरवायची, चट्ट्याला दाखवल्यासारखं करायची. डॉक्टरीणबाईंनी माझ्याच तर्जनीवर मलमाची रेघ काढून दाखवली, टोकापासून पहिल्या पेरापर्यंत. एवढं साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. दिवसातून एकदा, संध्याकाळी. चट्टे गेल्यावर लगेच सोडायचं नाही, नेहमीच्या जागांवर आठवड्यातून दोनदा काही काळ चालू ठेवायचं. चेहऱ्याला आणि मानेला टॅक्रोलिमस नावाचं स्टिरॉइड नसलेलं मलम, त्याने पहिले काही दिवस चुणचुण होते पण कातडी पातळ होत नाही. आणि सगळ्याच्या तळाशी मॉइश्चरायझर, आजी पसरायची तेवढं, ओशट वाटेल इतकं.

पुण्यात या सगळ्याला जोडून दोन विषय निघतातच. एक पाणी. पेठेत होतो तोवर खडकवासल्याचं पाणी होतं. आता राहतो तिथे मार्चपासून टँकर आणि बोअर, बादलीच्या कडेला पांढरा थर, साबणाला फेस नाही. सोसायटीच्या सभेत कुणीतरी उठून माझ्याकडे हात करून म्हणालं की "यांच्या त्वचेसाठी तरी" सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवू या. कळवळा खरा होता, पण इंग्लंडमध्ये 336 मुलांच्या घरी नेमकं हेच करून पाहिलं, 2011 मध्ये निकाल आला, इसबात काही फरक पडला नाही. मी ते सांगितलं तेव्हा सॉफ्टनरवाल्यापेक्षा त्या गृहस्थांचाच चेहरा जास्त पडला. दुसरा विषय गाजर गवत. ते देशात फोफावलं ते 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आल्यानंतर, हे इथल्या माणसाला पाठ असतं आणि तो ते काहीशा अभिमानानेच सांगतो. त्याचं इसब वेगळं. ते हवेतून येतं, चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेच्या घड्यांत उठतं, आणि बहुतेकदा मोठ्या वयात. माझ्या काकांना पर्वतीच्या पायथ्याशी रोज फिरून फिरून ते जडलं आणि निवृत्तीनंतर फिरणं सोडावं लागलं. खाज तीच, रात्रही तीच.

नवी औषधंही आहेत. ड्युपिलुमॅब हे दर दोन आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन अमेरिकेत 2017 ला आलं. इंटरल्युकिन 31 चा रस्ता अडवणारं नेमोलिझुमॅब जपानमध्ये 2022 ला आणि अमेरिकेत 2024 च्या अखेरीस इसबासाठी मंजूर झालं. जॅक इनहिबिटर नावाच्या गोळ्यांनी खाज काही दिवसांतच उतरते, मात्र रक्ताच्या तपासण्या मागे लागतात आणि त्या कुणाला द्यायच्या हे तोलूनमापून ठरवावं लागतं. इंजेक्शनचा वर्षाचा हिशोब मी एकदा कागदावर मांडला आणि कागद घडी घालून ठेवून दिला. मला संध्याकाळचं मलम आणि डबाभर मॉइश्चरायझर यावर बरंच भागतं. पूर्ण नाही. पण पहाटे चारपर्यंत एक सलग झोप मिळते आणि नवऱ्याची मनगट धरायची सवय सुटत चालली आहे, याचं मला आनंदाबरोबर थोडं वाईटही वाटतं.

आमच्या इमारतीत एक दुसरीतला मुलगा आहे. शाळेतून तक्रार आली, वर्गात पेंगतो आणि जागा असला की एका जागी बसत नाही. लिफ्टमध्ये त्याचे कोपर पाहिले आणि त्याच्या आईला विचारलं, "रात्री झोपतो का हा?" तिचे डोळे भरूनच आले. ती त्याचा हात हातात धरून झोपते, किंवा झोपत नाही. तिला म्हटलं, डॉक्टरांना नुसतं सांगू नकोस, रात्री मोबाइलवर दोन मिनिटं शूटिंग कर आणि ते दाखव. तिने केलं. मला पण पाठवलं. अंधुक उजेडात मूल गाढ झोपल्यासारखं दिसतं आणि दोन्ही हात गुडघ्यामागे चालू. तो रोज रात्री गुंगीचं सिरप पिऊन झोपत होता. डॉक्टरांनी ते शूटिंग दोनदा पाहिलं, सिरप बंद केलं, मलम बदललं आणि अंगभर लावायला मॉइश्चरायझर लिहून दिलं, आठवड्याला पाव किलो.

संध्याकाळी तिचा दुकानातून फोन. "काकू, हा म्हणतोय डॉक्टरांचा आकडा चुकलाय. एवढं कुणी नेत नाही म्हणे." मागून दुकानदाराचा आवाज ऐकू येत होता, "पाव किलो? श्रीखंड आहे का मॅडम हे?" मी म्हटलं, "दे त्याला फोन." आणि मग मी बरंच बोलले, स्वयंपाकघरातून नवरा बाहेर येऊन बघायला लागला इतक्या मोठ्याने. की त्या घरात कित्येक महिन्यांत कुणी झोपलेलं नाही. की मी स्वतः जन्मात झोपलेली नाही. की आकडा बरोबर आहे. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "आत्ता एकच डबा आहे. दुसरा उद्या मागवून ठेवतो."